फिरत्या मॉपच्या बादलीचे अकरा महिने आणि एक छर्रा

आठव्या महिन्यात टोपली अडकली. मॉप भिजवला, टोपलीत ठेवला, दांडा दाबला, तर एरवी भिंगरीसारखी फिरणारी टोपली कर्रकन आवाज करून अर्धा फेरा फिरली आणि थांबली. पुन्हा जोर लावला तेव्हा टोपलीऐवजी अख्खी बादली सरकली आणि अर्धं पाणी माझ्या पायावर आलं. तसं झालं नसतं तर फरशी पुसायच्या बादलीवर मी चार ओळीही लिहिल्या नसत्या.

बादली कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जाळीची स्टीलची टोपली, दांडा वरखाली केला की टोपली फिरते आणि मॉपमधलं पाणी उडून जातं. माझ्या बादलीला पायडल नाही. रंग, चाकं आणि साबणाच्या बाटलीसाठी केलेला तो निरुपयोगी कप्पा, यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय.

घेतली ती मनगटासाठी. अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची, साधी बरणी उघडता येईना. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरायला लावून मनगट खाली वाकवलं, मी ओरडले, आणि निदान झालं. फ्रिट्झ द केर्व्हाँ या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये वर्णन केलेलं दुखणं. डॉक्टरांचं बजावणं एकच, "काही पिळायचं नाही." सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग फरशी काय फुंकर मारून वाळवायची?" दुसऱ्या आठवड्यात ही बादली आली.

पहिले दोन महिने मी हिच्या प्रेमात होते. आता जे सांगणार आहे त्यावर घरात माझी भरपूर चेष्टा झालेली आहे. मॉपचं झुपकेदार डोकं चकतीवरून सुटतं, म्हणून मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून तोललं. (काट्यावर पिशवी घातली होती, आधीच सांगून ठेवते.) कोरडं १५० ग्रॅम. भिजवून नुसतं निथळू दिलं तर ९०० च्या घरात. सासूबाईंनी दोन्ही हातांनी करकचून पिळलं तर ३२०. टोपलीत पाच दाब दिले की ३४०, दहा दिले की २८०, वीस दिले की २६५. म्हणजे दहा दाबांत यंत्र सासूबाईंच्या मनगटाला मागे टाकतं आणि पुढचे दहा दाब फक्त खांद्याचा व्यायाम. उरलेलं पाणी मायक्रोफायबरच्या तंतूंमधल्या बारीक फटींत बसलेलं असतं. फट जितकी अरुंद, तितकी पाण्याची पकड घट्ट. ते काढायचं तर वेग वाढवायला हवा, दाब नुसते मोजत बसून उपयोग नाही.

मग वेगही मोजला. टोपलीला लाल चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि फोनवर सेकंदाला २४० चित्रं घेणारा संथ व्हिडिओ काढला. एका फेऱ्याला साधारण ३० चित्रं, म्हणजे सेकंदाला ८ फेरे, मिनिटाला ४८०. टोपलीची त्रिज्या साडेआठ सेंटिमीटर. हिशेब केला तर कडेच्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २२ पट ओढ पडते. कपडे धुण्याच्या यंत्राचा २४ सेंटिमीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला १००० फेरे घेतो तेव्हा हाच आकडा अडीचशेच्या पुढे जातो, म्हणून कपडे तिथून जवळजवळ वाळूनच निघतात. हाताच्या दाबावर चालणाऱ्या प्लास्टिकच्या दांड्याकडून २२ पट म्हणजे काही कमी नव्हे. वेग निम्मा झाला तर मात्र ओढ पावपट होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दांड्याच्या आत पीळ दिलेली सळई असते. लहानपणी दट्ट्या दाबून फिरवायचा पत्र्याचा भोवरा होता ना, तीच युक्ती. दाबताना आतली कळ सळईला धरते आणि सरळ दाबाचा गोल फेरा होतो. उचलताना सोडून देते, म्हणून टोपली उलटी फिरत नाही. माझ्या दांड्यातली ही कळ अकरा महिन्यांत एकदाही चुकली नाही. घोडं पेंड खातं ते खाली, टोपलीच्या बुडाशी.

टोपली उपसून काढली तर कारण बोटाला लागलं. बादलीच्या तळातून करंगळीएवढी प्लास्टिकची पिन वर आलेली आहे. टोपलीच्या बुडाला मध्यभागी प्लास्टिकची वाटी आहे. वाटी पिनेवर टेकते आणि गरगर फिरते. माझ्या पिनेचं टोक झिजून चपटं झालं होतं, वाटीत पांढरा भुगा साठला होता आणि वाटीच्या कडेला केसासारखी चीर गेली होती. बाकी टोपली लखलखीत, बादलीला ओरखडा नाही.

इथून पुढे मी या पिनेबद्दलच बोलणार आहे, कंटाळा आला तर रजा घ्या.

दांडा दाबायच्या बादलीत हाताचा सगळा जोर मॉपमधून टोपलीवर, टोपलीतून वाटीवर आणि वाटीतून त्या टोकावर येतो. माणसांच्या वजनकाट्यावर बादली ठेवून दांडा दाबला तेव्हा काटा ८ ते १० किलोने पुढे गेला. म्हणजे दहा किलो ओझं शेंगदाण्याएवढ्या जागेवर, तेही सेकंदाला आठ वेळा घासत. टोक अणकुचीदार ठेवलं तर घर्षण कमी आणि टोपली सुसाट, पण दाब एका बिंदूवर येऊन प्लास्टिक झिजतं. टोक रुंद केलं तर झीज कमी, पण घासणारा भाग मध्यापासून लांब जातो आणि टोपली जड फिरते. बनवणाऱ्यांनी विक्रीच्या दिवशी झकास फिरेल असं अणकुचीदार टोक निवडलं. टोक झिजता झिजता आपोआप रुंद होतं, म्हणजे शेवटी दोन्हीकडून नुकसान गिऱ्हाइकाचंच. अडकायच्या आधी सातव्या महिन्यात मी एक व्हिडिओ काढला होता. त्यात एका फेऱ्याला ४४ चित्रं लागली होती. म्हणजे मिनिटाला जेमतेम ३२७ फेरे आणि २२ पटीची ओढ १० वर. दहा दाबांनंतर मॉप ३४० ग्रॅम. आणि मी तेव्हा मायक्रोफायबर जुनं झालं म्हणून त्याला दोष देत होते.

सेवा केंद्राला फोन केला. बोलणारा मुलगा नम्र होता, ते मान्य.

"मॅडम, खालची वाटी वेगळी मिळत नाही."

"मग टोपली द्या."

"टोपलीही वेगळी येत नाही. पूर्ण सेट घ्यावा लागेल."

"अहो, बादली धडधाकट आहे."

"हो मॅडम, पण सेट आहे."

वॉरंटी वर्षाची, पण ही म्हणे वेअर अँड टेअर, म्हणून त्यात बसत नाही. मी म्हणाले, जो भाग झिजणार हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं, तोच तेवढा विकायला ठेवत नाही? यावर त्याने तक्रार नोंदवून घेतली. दुसऱ्या फोनला व्हिडिओ मागितला, पाठवला. तिसऱ्या फोनला बादलीच्या बुडाच्या स्टिकरचा फोटो मागितला. कागदी स्टिकर, पाण्याच्या बादलीच्या बुडाला! तो दुसऱ्याच महिन्यात विरघळून गेला होता. चौथा फोन मी केला नाही. नखाएवढ्या वाटीसाठी नवी बादली घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

भर, नववा महिना: सायकलच्या जुन्या चाकाच्या बेअरिंगमधला एक छर्रा मिळाला. पिनेच्या चपट्या टोकाला तापवलेल्या खिळ्याने खळगा पाडला, त्यात छर्रा बसवला, वर टोपली. पहिल्याच दाबाला टोपली अशी सुटली की सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. व्हिडिओत २८ चित्रं, नवी असताना होती त्यापेक्षा वेगवान. गोळा फार थोड्या जागेवर टेकतो आणि पोलाद सहजी झिजत नाही, त्यामुळे अणकुचीदार की रुंद हा पेच बराचसा सुटतो. हे मला घरबसल्या सुचतं, तर कारखान्यात का सुचू नये?

भर, तीनच आठवड्यांनी: एवढी शेखी मिरवायला नको होती. छर्रा गंजला. बेअरिंगचं पोलाद टणक असतं, पण ते पाण्यात राहण्यासाठी नसतं. पांढऱ्या फरशीवर तांबूस फराटे दिसले तेव्हा कळलं. आता स्टेनलेसचा त्याच मापाचा छर्रा आहे. तो दोन महिने टिकलाय, डाग नाही. सासूबाई मधूनमधून टोपली उचलून "तुझी गोळी आहे गं जागेवर" असं सांगतात.

याच काळात माझी मतं दोनदा फिरली. आधी वाटायचं की पायडलवाली बादली म्हणजे उगाच फाफटपसारा. टोपली अडकल्यावर वाटलं, तीच शहाणी, कारण तिथे जोर पायडलच्या दात्यांवर येतो आणि टोपली बिचारी नुसती फिरते. मग जाऊबाईंची पायडलवाली पाहिली. तिचे तळातले प्लास्टिकचे दाते चौथ्या महिन्यात गेले, कारण तिथे तर अख्ख्या शरीराचं वजन पडतं. आणि ते दाते बंद पेटीत, स्क्रू नाहीत, उघडायची सोयच नाही. माझी पिन निदान हाताला लागते. तेव्हा परत दांडावालीकडे आले, पण आता डोळे उघडे ठेवून.

यंत्रच नको, असाही मार्ग आहे. १८९३ मध्ये अमेरिकेत थॉमस स्ट्युअर्टने दांड्यावरच्या लीव्हरने पिळता येणाऱ्या मॉपचं पेटंट घेतलं. स्पेनमधला मानुएल हालोन हा विमानांचा अभियंता. १९५६ च्या सुमारास त्याची पहिली बादली आली, रुळांत मॉप दाबून पिळणारी. नंतर रूळ जाऊन भोकाभोकांचा प्लास्टिकचा शंकू आला: मॉप त्यात खुपसायचा, दाबून पिळा द्यायचा. हलणारा भागच नाही, तर मोडणार काय? माझ्या माहेरी तशीच बादली आहे, किती वर्षं ते आईलाही आठवत नाही. तिथेही मी काटा घेऊन गेले. ४३० ग्रॅम. म्हणजे फरशी वाळायला वेळ लागतो, पण सेवा केंद्राला फोन करावा लागत नाही. मी आनंदाने ती घेतली असती. पण शंकूत पिळा द्यायचा तो मनगटानेच, आणि तिथेच माझं गाडं अडतं.

पिळलेलं मळकं पाणी पुन्हा त्याच बादलीत पडतं, ही तक्रार सगळे करतात आणि ती खरी आहे; दोन कप्पे असलेली बादली बघा. पाणी सोडायचं बूच तळापासून बोटभर वर आहे, त्यामुळे शेवटचा गाळ उलटा करूनच काढावा लागतो. मॉपचं डोकं फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुऊ नका, तंतूंवर थर बसून ते पाणी टिपेनासे होतात. टोपली एका टोकाला असल्याने पाणी कमी असलं की दाबताना बादली कलते, म्हणून निम्मी तरी भरा.

मला कुणी बादली नव्याने करायला सांगितली तर मी वेग वाढवणार नाही, रंगाला हात लावणार नाही. पिन धातूची, तिच्या डोक्यावर न गंजणारा छर्रा, आणि खालची वाटी दोन स्क्रूंनी निघणारी, तीन वाट्या जास्तीच्या खोक्यातच. सेट सेट म्हणणाऱ्यांचा धंदा बसेल, त्याला माझा इलाज नाही.

घ्यायला जाल तेव्हा दुकानात टोपली उपसून खाली बोट घाला. पिनेचं टोक धातूचं लागलं तर पुढचं बोला. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

वाटीची जुनी चीर मध्यंतरी पुढे सरकायला लागली होती. तिच्या टोकाशी बारीक भोक पाडलंय, म्हणजे ताण एका बिंदूवर साचत नाही आणि चीर थांबते. सध्या थांबली आहे. आज सकाळी दहा दाबांनंतर २८५ ग्रॅम.