स्टीलच्या ताटांची विद्यार्थी-सेवा : एक अभिप्राय

गोव्यातील फोंडा परिसरातील एका महाविद्यालयाच्या पर्यावरण मंडळाचे विद्यार्थी घरगुती व देवळातील कार्यांसाठी स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले अनामत रक्कम घेऊन वापरायला देतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) भजनासाठी आम्ही ही सेवा घेतली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे यांवर देशभर बंदी असली, तरी त्यांची जागा घेणाऱ्या कागदी पेल्यांनाही बहुधा आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. म्हणूनच घोषणाफलकांपेक्षा हा भांड्यांचा मार्ग मला अधिक पटतो. (2020 साली गोव्यातलेच मोलेचे जंगल नियोजित प्रकल्पांपासून वाचवण्याच्या आंदोलनात फलकांचीही गरज होतीच, हे मान्य.)

भांडी स्वच्छ व कोरडी मिळाली. प्रत्येक ताटाच्या मागे क्रमांक कोरलेला असल्याने परत करताना मोजदाद पटकन झाली. खरकट्यासाठी झाकणाच्या बादल्याही विद्यार्थ्यांनीच आणल्या होत्या, आणि कोणी उष्ट्यात कागदी रुमाल टाकला की तिथे उभी असलेली विद्यार्थिनी एक शब्दही न बोलता तो चिमट्याने बाहेर काढी, त्यामुळे पाहुणे ओशाळून आपणहून नीट टाकू लागले.

उणीव आहे ती वाट्यांची. त्या इतक्या उथळ आहेत की खतखते (मिश्र भाज्यांची रसदार भाजी) ताटभर पसरते. शिवाय परीक्षांच्या दिवसांत सेवा बंद असते, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. भांडे हरवल्यास त्याची किंमत अनामतीतून वजा होते. आमची रक्कम मात्र दुसऱ्याच दिवशी पूर्ण परत मिळाली.