तीन फुटांची दुसरी मत्स्यटाकी: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरातली पहिली टाकी दोन फूट लांबीची आणि सुमारे ५५ लिटरची आहे. गेली सहा वर्षे तिच्यात गप्पी आणि मॉली सुखाने नांदत असून, रविवारी दोन बादल्या पाणी बदलण्यापलीकडे तिने आमच्याकडे कधी काही मागितलेले नाही. या सहा वर्षांच्या जोरावर आपल्याला मासे पाळता येतात, असा माझा पक्का समज झाला होता. गेल्या दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये, बैठकीच्या खोलीत तीन फुटांची दुसरी, पाणवनस्पतींची टाकी उभी केली, आणि तो समज किती कच्चा होता ते मे महिन्यात कळले.

टाकी पुण्यातल्याच एका कारागिराकडून मापाने करून घेतली: ३६ बाय १८ बाय १८ इंच, काच १० मिलिमीटर जाडीची. हिशेबाने हे १९१ लिटर होतात. पण तळाची वाळू, दगड आणि वर मोकळी सोडलेली दोन इंच जागा वजा केली, तर प्रत्यक्ष पाणी १५५ लिटरच्या आसपास मावते. काच, वाळू, स्टँड आणि पाणी मिळून वजन अडीचशे किलोच्या घरात जाते. निवासी इमारतीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चलभार (माणसे, सामान यांचे वजन) धरलेला असतो आणि आमची टाकी अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागेत उभी आहे. हा भार सबंध खोलीचा मिळून धरायचा असल्यामुळे घाबरण्याचे कारण नसले, तरी खोलीच्या मध्यभागी टाकी मांडण्याचा पत्नीचा आग्रह मोडून मी ती ज्या भिंतीखालून बीम जाते त्या भिंतीला लावून ठेवली. या निर्णयाचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. पत्नीचे मत वेगळे आहे.

स्टँडच्या बाबतीत मात्र घाई केली. लोखंडी अँगलच्या स्टँडवर प्लायवूड, त्यावर थर्माकोलचा तक्ता आणि त्यावर टाकी, अशी नेहमीची रचना होती, आणि पाणसळ न लावता मी पाणी सोडायला सुरुवात केली. पाच इंच पाणी भरल्यावर डावीकडची पातळी उजवीकडच्यापेक्षा चार मिलिमीटर वर दिसली. ऐकायला हे काहीच नाही. पण टाकी काठोकाठ भरल्यावर तो तिरपेपणा काचेच्या जोडांवरच्या सिलिकॉनला कायमचा ताण देतो, आणि रोज संध्याकाळी दिवा लागल्यावर डोळ्यांना खुपतो तो वेगळाच. सगळे पाणी उपसून, स्टँडच्या एका पायाखाली पत्र्याची चकती घालून पुन्हा पहिल्यापासून भरावे लागले.

फिल्टर म्हणून चिनी बनावटीचा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा फिल्टर, घेतला. खोक्यावर ताशी १००० लिटर प्रवाह लिहिला आहे. महिनाभर वापरल्यावर मी परतीच्या नळीखाली दहा लिटरची बादली धरून घड्याळ लावले, तेव्हा ती भरायला ६८ सेकंद लागली, म्हणजे ताशी जेमतेम ५३० लिटर. आत स्पंज आणि सिरॅमिकचे तुकडे भरल्यावर आणि पाणी तीन फूट वर चढवायला लागल्यावर प्रवाह घटणारच, तेव्हा ही फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु विकत घेताना खोक्यावरचा आकडा निम्मा धरावा, एवढे नक्की सांगेन. आवाजाच्या बाबतीत तो उत्तम आहे. फेब्रुवारीत साफसफाईनंतर झाकणाखालचे रबरी कडे नीट न बसल्याने रात्रभर थेंब थेंब पाणी गळत राहिले आणि सकाळी सतरंजीचा एक कोपरा भिजलेला सापडला. त्यानंतर मी कॅनिस्टर प्लॅस्टिकच्या पसरट घमेल्यात ठेवू लागलो आणि कड्याला सिलिकॉन ग्रीस लावू लागलो. पुन्हा गळती झालेली नाही.

दिव्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सुरुवातीला दहा तास चालू ठेवला, तर तपकिरी थर आणि पाठोपाठ केसांसारखे हिरवे शेवाळ आले. टायमर लावून सात तासांवर आणल्यावर दोन महिन्यांत ते आटोक्यात आले. झाडांपैकी व्हॅलिस्नेरिया आणि हायग्रोफिला जोमाने वाढली, लाकडाला दोऱ्याने बांधलेला अनुबियास संथपणे पण न रुसता वाढतो आहे. क्रिप्टोकोरायनीची सगळी पाने पहिल्या पंधरवड्यात विरघळून गेली आणि मुळे तशीच राहू दिल्यावर महिन्याभराने नवी पाने फुटली. हे त्या झाडाचे नेहमीचेच वागणे आहे, त्यामुळे त्याला मेलेले समजून उपटू नये.

नवीन टाकी मासे सोडण्याजोगी होण्याच्या टप्प्यावर पहिल्या टाकीचा सर्वाधिक उपयोग झाला. दुकानदाराचा सल्ला नेहमीचाच होता: “आज पाणी भरा, निळं औषध टाका, संध्याकाळी मासे सोडा.” सहा वर्षांपूर्वी मी हेच केले होते आणि पहिल्या महिन्यात अर्धे मासे गमावले होते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचे एका प्रकारचे जिवाणू नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्याचे पुढे बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते स्पंजावर, वाळूवर, काचेवर चिकटून वाढतात. म्हणून या वेळी जुन्या टाकीतला काळपट झालेला एक स्पंज तसाच कॅनिस्टरमध्ये घातला, दुसरा त्याच टाकीच्या पाण्यात पिळून तो गढूळ अर्क नव्या टाकीत ओतला, आणि जिवाणूंच्या पोटापाण्यासाठी नवसागर वापरला. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाले वापरतात तोच; मात्र कल्हईचा नवसागर शुद्ध असेलच असे नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा आणला. १५५ लिटर पाण्यात दोन पीपीएम (लिटरमागे दोन मिलिग्रॅम) अमोनिया येण्यासाठी तो जेमतेम एक ग्रॅम लागतो. नवव्या दिवशी हा एक ग्रॅम चोवीस तासांत नाहीसा होऊ लागला, नायट्राइट शून्यावर यायला आणखी पाच दिवस लागले, आणि पंधराव्या दिवशी मी मासे आणले: वीस निऑन टेट्रा आणि तळाशी वावरणारे आठ ठिपक्यांचे कोरीडोरास. त्यांतला एकही पहिल्या पाच महिन्यांत दगावला नाही. दुसरी टाकी करणाऱ्याला पहिली टाकी जो हुंडा देते, तो एवढाच; आणि तो बाजारात बाटलीतून मिळणाऱ्या कुठल्याही द्रवापेक्षा मोलाचा आहे.

आता मे महिन्याविषयी. आम्ही पुण्यात बावधनला राहतो. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात नळाला महापालिकेचे पाणी येते. ते मऊ असते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या माझ्या साडेचारशे रुपयांच्या टीडीएस मीटरवर हिवाळ्यात त्याचा आकडा १०० ते १२० च्या दरम्यान असायचा. एप्रिलपासून सोसायटीत टँकर सुरू होतात आणि जमिनीखालच्या टाकीत महापालिकेचे व टँकरचे पाणी एकत्र होते. टँकरचे पाणी विहिरीचे किंवा बोअरचे, दगडातून क्षार घेऊन आलेले. गेली पाच उन्हाळे मी हेच पाणी पहिल्या टाकीत बिनदिक्कत घालत आलो होतो आणि काही बिघडले नव्हते. कारण उघड होते, पण मी त्याचा कधी विचारच केला नव्हता: गप्पी आणि मॉली यांना क्षारयुक्त, जड पाणीच मानवते. जे श्रेय मी माझ्या हातगुणाला देत होतो, ते खरे तर माशांच्या निवडीचे होते. निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, अतिशय मऊ आणि आम्लधर्मी पाण्यातला मासा आहे.

मेच्या दुसऱ्या रविवारी मी एकाच सकाळी दोन कामे केली. कॅनिस्टर उघडून धुतला, आणि उकाड्यामुळे टाकीला ताजे पाणी मिळावे म्हणून नेहमीच्या पंचवीसऐवजी चाळीस टक्के पाणी बदलले. क्लोरीन घालवण्यासाठी हायपो (सोडियम थायोसल्फेट) घातले होते. टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर सढळ हाताने टाकतात, म्हणून नेहमीपेक्षा जास्तच. टीडीएस मात्र मोजला नाही. दुपारी चारच्या सुमारास सगळे टेट्रा कॅनिस्टरच्या परतीच्या नळीखाली गोळा होऊन झपाझप कल्ले हलवताना दिसले. एरवी मंद उजेडातही चमकणारी त्यांची निळी रेघ राखाडी पडली होती. रात्रीपर्यंत पाच मेले, सकाळपर्यंत आणखी दोन. कोरीडोरास तळाशी निपचित होते, पण वाचले. शेजारच्या टाकीत त्याच सकाळी तेच पाणी घातले होते आणि तिथे गप्पींची मादी नेहमीप्रमाणे काचेशी येऊन खाणे मागत होती.

नंतर मोजणी केली तेव्हा उलगडा झाला. नळाच्या पाण्याचा टीडीएस ६४० होता. टाकीत आधी १३० होता. चाळीस टक्के बदलल्यावर तो एका तासात ३३० च्या वर गेला होता. सामूही (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे त्याचे माप) सातच्या जवळून आठच्या जवळ सरकला होता. फिल्टर धुताना त्यातले जिवाणू कमी झाल्यामुळे अमोनिया अर्ध्या पीपीएमवर आला होता, आणि खरा घात इथे झाला असावा. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक तुलनेने निरुपद्रवी आणि एक विषारी. तापमान ३० अंश आणि सामू ७ असताना विषारी रूपाचा वाटा एक टक्क्याहून कमी असतो. त्याच तापमानाला सामू ८ झाला की तो सात टक्क्यांच्या आसपास जातो. तोच अर्धा पीपीएम अमोनिया सकाळच्या पाण्यात मासे सोसू शकले असते, दुपारच्या पाण्यात नाही. शिवाय क्षारांतला अचानक बदल होताच. यातला कोणताही एक घटक एकटा आला असता, तर कदाचित मला कळलेही नसते.

त्या दिवसापासून उन्हाळ्याची पद्धत बदलली आहे. फिल्टर आणि पाणी एकाच आठवड्यात हाताळत नाही. दर खेपेला पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी बदलत नाही, आणि ते आदल्या दिवशी ड्रममध्ये मिसळून ठेवतो: टँकरचे एक बादली आणि घरच्या आरओचे चार बादल्या, म्हणजे टीडीएस १५० ते १६० च्या आसपास येतो. आरओ यंत्र जेवढे पाणी देते त्याच्या दुपटीने वाया घालवते, हे पाणीटंचाईच्या दिवसांत मनाला लागते. ते वाया जाणारे पाणी आम्ही फरशी पुसायला आणि गच्चीवरच्या कुंड्यांना वापरतो, तरीही संकोच पुरता जात नाही. मे महिन्यात टाकीवर संगणकाचे दोन छोटे पंखे लावल्याने पाणी ३१ अंशांवरून साडेअठ्ठावीसपर्यंत उतरते, पण रोज जवळजवळ तीन लिटर पाणी उडून जाते. उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. त्यामुळे ही भर केवळ आरओच्या पाण्याने घालावी लागते. पहिल्या टाकीत सहा वर्षे मी ती नळाच्या पाण्याने घालत होतो.

एवढे असूनही, दोन टाक्यांपैकी कोणती सांभाळायला सोपी, असे विचारले तर मी मोठीच म्हणेन. जानेवारीत रात्रीच्या थंडीत छोट्या टाकीचे तापमान १९ अंशांपर्यंत उतरले, तर मोठीत २०० वॉटच्या हीटरने ते २५ वर सहज टिकवले. वळवाच्या पावसात वीज साडेपाच तास गेली तेव्हा बॅटरीच्या एअर पंपावर मोठ्या टाकीने निभावून नेले. खर्चाचे म्हणाल, तर टाकी, स्टँड, फिल्टर, दिवा, झाडे आणि मासे मिळून सत्तावीस हजारांच्या आसपास गेले. त्यांत ज्याची सर्वांत आधी गरज होती तो टीडीएस मीटर सर्वांत स्वस्त होता, आणि गच्चीच्या मोरीपर्यंत पोहोचणारी पंचवीस फुटी नळी त्याच्या खालोखाल. बादल्यांनी १५५ लिटरच्या टाकीचे पाणी बदलण्याचा निश्चय तीन रविवार टिकतो.

जुलैत एका मुसळधार पावसाच्या रात्री मी थोडे थंड, मऊ पाणी बदलले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोरीडोराससमोर बसलो असताना एक मादी पोटाखालचे पर ओंजळीसारखे जुळवून काचेवर वर चढताना दिसली. मोहरीपेक्षा जरा मोठी, पारदर्शक अशी तीन-चार अंडी तिने काचेला चिकटवली आणि खाली उतरली. तासाभरात समोरच्या काचेवर अशी साठएक अंडी झाली. टेट्रांच्या तावडीतून वाचवायला ती जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच सोडवून हवेचा दगड लावलेल्या डब्यात ठेवली. वीस-बावीस पांढरी पडून बुरशीने गेली, चौथ्या दिवशी बाकीची फुटली, आणि आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवाची) पिल्ले खाऊन त्यांतली अकरा तगली. ती आता सेंटीमीटरभर झाली असून पहिल्या टाकीत, गप्पींच्या शेजारी आहेत. त्यांच्यासाठी या टाकीचे पाणी मी ऑगस्टपासून दर आठवड्याला थोडे थोडे मऊ करत आणले आहे, आणि मॉलींना ते फारसे आवडलेले दिसत नाही.