‘बाइक ऑफ द इयर’ हिमालयन, पण तुम्ही कुठली घ्याल?

माझा मावसभाऊ चाकणला नोकरीला आहे. ट्रायम्फ स्पीड ४०० आणि केटीएम ३९० ड्यूक या दोन्ही गाड्या बजाजच्या चाकणच्याच कारखान्यांत तयार होतात, म्हणजे जवळपास त्याच्या डोळ्यांसमोर. तरी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "दादा, हिमालयन घेतो. अवॉर्डवाली आहे ना."

त्याला समजावता समजावता जे बोलणं झालं, तेच इथे लिहितोय. याच तीन गाड्यांमध्ये अडकलेले निदान डझनभर लोक माझ्या ओळखीत आहेत.

आधी अवॉर्डचं बघू. ‘इंडियन मोटरसायकल ऑफ द इयर’, रायडर मंडळींच्या भाषेत ‘इमोटी’. वाहनांवर लिहिणारे पत्रकार परीक्षक असतात. किंमत, ॲव्हरेज, आराम, सुरक्षा, परफॉर्मन्स, तंत्रज्ञान, आपल्या रस्त्यांवर गाडी कितपत चालेल, असं सगळं बघून ते गुण देतात. २०२४ चा हा मान रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ला मिळाला. २०२३ या एकाच वर्षात पाच महिन्यांच्या आत तीन तगड्या गाड्या आल्या होत्या: जुलैत स्पीड ४००, सप्टेंबरात नवी ३९० ड्यूक आणि नोव्हेंबरात गोव्यात एनफिल्डच्या मोटोव्हर्स मेळाव्यात हिमालयन. त्यामुळे निकाल लागला आणि चहाच्या टपरीवर रण पेटलं.

ड्यूकवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. सर्वांत जास्त ताकद, सर्वांत कमी वजन, सर्वांत जास्त इलेक्ट्रॉनिक्स आमच्याकडे. मग बक्षीस दुसऱ्याला का? ट्रायम्फवाले किमतीवर बोट ठेवायचे. २ लाख ३३ हजार एक्स-शोरूममध्ये ट्रायम्फचा बिल्ला, आणि पहिल्या दहा हजार जणांना तर २ लाख २३ हजारांत. या गाडीने सगळ्या बाजाराला दर खाली आणायला लावले, तर वर्षाची गाडी हीच नाही का? एनफिल्डवाले अर्थातच खूश होते. आणि चौथा गट ठरलेला: "परीक्षकांचं एनफिल्डवर प्रेमच आहे हो."

या चौथ्या गटाशी माझं पटत नाही. २०१७ ला जुनी हिमालयन, २०१९ ला इंटरसेप्टर ६५०, २०२१ ला मीटिओर ३५० आणि २०२४ ला ही, हे खरं. पण मधे २०२० ला हीरोची एक्सपल्स २०० आणि २०२३ ला टीव्हीएसची रोनिन जिंकली, आणि २०२५ ला एप्रिलियाची आरएस ४५७. ती तर आपल्या बारामतीत बनते! शिवाय २०१३ ला २०० ड्यूक आणि लगेच २०१४ ला ३९० ड्यूक जिंकली होती, तेव्हा पक्षपाताची ओरड करायला ड्यूकवाल्यांपैकी कुणीच पुढे आलं नव्हतं.

मला या यादीत वेगळीच गोष्ट दिसते. कालपर्यंत जे नव्हतं ते आणणारी गाडी परीक्षकांना भावते. जुन्या हिमालयनचं ४११ सीसीचं इंजिन जेमतेम २४ पीएस ताकदीचं, हवा आणि तेलावर थंड होणारं. नवीचं ४५२ सीसीचं, लिक्विड कूल्ड म्हणजे कूलंटवर थंड होणारं, ४० पीएस ताकद आणि ४० न्यूटन-मीटर ओढ (टॉर्क). नाव तेच ठेवून गाडी मुळापासून बदलली. नवी ड्यूकही मुळापासून नवीच होती, पण जुनी ड्यूक आधीच इतकी चांगली होती की फरक तेवढा डोळ्यात भरला नाही. वर्गात नेहमी पहिला येणारा यंदाही पहिला आला, तर त्याचं कौतुक कितीसं होणार? म्हणून परीक्षकांचा निकाल मला चुकीचा वाटत नाही. पण जुनी आणि नवी यांच्यातला फरक तुम्ही आम्ही थोडाच चालवणार आहोत? आपल्या दारात उभी राहणार ती गाडी.

आता गाड्यांकडे वळू.

हिमालयनमध्ये सगळ्यात आधी उंची बघा. सीट ८२५ मिलिमीटर, वर केली तर ८४५. वजन १९६ किलो. ड्यूकचं वजन १६८, म्हणजे दोन्हींत २८ किलोंचा फरक, सिमेंटच्या अर्ध्या गोणीपेक्षा जास्त. गाडी चालू असताना हे वजन जाणवत नाही. जाणवतं ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उतारावर तोंड करून लावलेली गाडी मागे ओढताना. मावसभावाची उंची पाच फूट चार इंच. टेस्ट राइडला निघाला तेव्हा चेहऱ्यावर लडाख होतं. पहिल्याच सिग्नलला रस्ता डावीकडे उतरता निघाला, पाय शोधायला गेला आणि पाय हवेत. पडला नाही, पण परत आल्यावर पाच मिनिटं गप्प होता. खालची सीट मिळते, ८०५ पर्यंत येते. तीही बसून बघा.

पण एकदा पाय टेकत असले की या गाडीला तोड नाही. पुढे २१ इंची चाक, पुढे-मागे २०० मिलिमीटर खाली-वर होणारं सस्पेन्शन, २३० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून तेवढं वर. पावसाळ्यानंतरचा ताम्हिणी किंवा वरंधा घाट आठवा. जिथे बाकीचे खड्डा चुकवायला वळतात, तिथे हिमालयनवाला फूटरेस्टवर नुसता उभा राहतो आणि सरळ पुढे जातो. टाकी १७ लिटरची. लिटरला २८ किलोमीटर धरले तरी पावणेपाचशेच्या आसपास जाते. पुण्यातून निघून कोल्हापूर, आंबोली करत गोव्याला एका टाकीत पोचायचा हट्ट कुणी धरलाच, तर हिशोब बसतो. गोल डिस्प्लेवर गूगलचा नकाशा दिसतो, हे अनोळखी गावात खरंच सोयीचं आहे. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक घसरायला लागलं की सावरणारी यंत्रणा, मात्र नाही, आणि इतक्या आधुनिक गाडीत ते नसणं मला खटकतं. आणखी एक: गाडी आली तेव्हा स्पोकच्या चाकांत ट्यूब होती, ट्यूबलेस स्पोक चाकं नंतर आली. सेकंडहँड घेणार असाल तर चाकं नक्की कुठली आहेत ते आधी विचारा. घाटात रात्री ट्यूब पंक्चर झाली तर कंपनीचं अवॉर्ड टायर काढायला येत नाही.

स्पीड ४०० बद्दल कमी लिहावं लागतं, कारण ती कमी भानगडीची गाडी आहे. ३९८ सीसी, ४० पीएस, सीट ७९० मिलिमीटर. बसलं की दोन्ही पाय सपाट. काट्याचा स्पीडोमीटर, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, राइडिंग मोड (रस्त्याप्रमाणे गाडीचा स्वभाव बदलायची सोय) नाहीत. दोन सर्व्हिसमधलं अंतर १६,००० किलोमीटर, आणि रोज ऑफिसला जाणाऱ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तिच्याबद्दल रायडरांमध्ये एकच टोमणा ऐकू येतो: "सगळं चांगलं आहे, पण वेड लावत नाही." मला तो टोमणा मान्य नाही. पुण्याच्या चांदणी चौकातल्या गर्दीतून रोज जाणाऱ्या माणसाला वेड लावणारी गाडी हवी असते, हे पहिल्या महिन्यापुरतं खरं. टाकी १३ लिटरची, त्यामुळे लांबच्या प्रवासात पंपावर लवकर थांबावं लागतं. लांब फिरायचं आहे पण हिमालयन झेपत नाही, अशांनी याच इंजिनची स्क्रॅम्बलर ४०० एक्स बघावी. सीट तिचीही उंच आहे, ८३५. पण वजनाला हिमालयनपेक्षा हलकी.

आणि ड्यूक. ४६ पीएस, १६८ किलो, क्लच न दाबता गिअर बदलणारा क्विकशिफ्टर, वळणातही ब्रेक सांभाळणारं कॉर्नरिंग एबीएस, स्ट्रीट, रेन, ट्रॅक असे मोड, अगदी शर्यतीसारखी सुसाट सुरुवात करून देणारं लाँच कंट्रोलसुद्धा. सीट ८०० मिलिमीटर. कागदावर तीच जिंकते, आणि मोकळा, वळणावळणाचा, चांगला रस्ता मिळाला तर रस्त्यावरही तीच जिंकते. प्रश्न असा, की असा रस्ता तुम्हाला आठवड्यातून किती वेळा मिळतो? ज्याची पहिलीच मोठी गाडी आहे, कालपर्यंत जो शंभर-सव्वाशे सीसी चालवत होता, त्याला मी ड्यूक सुचवणार नाही. गाडी वाईट म्हणून नाही. तिचा पिकअप समजायला हात आधी तयार लागतो. आणि मागे बसणाऱ्यासाठी ही गाडी केलेलीच नाही. तिघींत किंमत हिचीच जास्त होती: बाजारात आली तेव्हा ३ लाख ११ हजारांच्या आसपास, तर हिमालयन २ लाख ६९ हजारांपासून.

केटीएमबद्दल एक भीती अजून विचारली जाते. ऑस्ट्रियातली मूळ कंपनी २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली होती. तिला पैसे उभे करून देण्यात बजाजच पुढे होती, आणि भारतात विकली जाणारी ड्यूक चाकणलाच बनते. एवढ्या एका कारणासाठी ड्यूक नाकारू नका.

आजचे दर मी मुद्दाम देत नाही, कारण ते सारखे हलताहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के झाला आणि ३५० पर्यंतच्यांवर १८. या तिन्ही गाड्या तेव्हा वरच्या गटात आल्या. म्हणून शोरूमला गेल्यावर एक्स-शोरूमचा आकडा ऐकून खूश होऊ नका. विमा, नोंदणी, क्रॅशगार्ड, सगळं धरून ऑन-रोड कोटेशन कागदावर घ्या. हिमालयनच्या गिऱ्हाइकाने तर पेट्या आणि स्टँड धरूनच हिशोब करावा, कारण ते घेतल्याशिवाय कुणी राहत नाही.

माझं मत विचाराल तर: वर्षातून दोन-तीनदा खरोखर लांब जात असाल, उंची पाच फूट सातच्या पुढे असेल आणि पार्किंग सपाट असेल, तर हिमालयन, डोळे मिटून. आठवड्याचे सहा दिवस ऑफिस आणि रविवारी लोणावळा असेल, तर स्पीड. आधी दोन-चार वर्षं दोनशे-अडीचशे सीसी चालवली असेल आणि मागे कुणी बसणार नसेल, तर ड्यूक. कास-साताऱ्याकडे वरचेवर जाणारा पण डबलसीट फिरणारा असेल, तर मी पुन्हा हिमालयनकडेच वळेन. मागची सीट ऐसपैस तिचीच.

मावसभावाने पुढच्या रविवारी तिन्ही गाड्या परत चालवल्या, या वेळी वहिनींना मागे बसवून. ड्यूकवरून त्या दोनशे मीटरवरच उतरल्या. हिमालयन त्यांना आवडली, पण चढताना ओढणी सांभाळावी लागली. स्पीडवर बसल्यावर काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, "याला साडीगार्ड बसतं का?"

बुकिंग निळ्या रंगाचं केलंय.