पॅनेलवरची धोक्याची लेबले: दोन उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात विजेची देखभाल माझ्याकडे आहे. विजेच्या पॅनेलवर, म्हणजे स्विच आणि जोडण्या असलेल्या पत्र्याच्या पेट्यांवर, गेल्या दोन उन्हाळ्यांत तीन प्रकारची लेबले वापरून पाहिली. त्यावरून माझे मत असे झाले आहे की लेबल किती जाड आहे याला फारसे महत्त्व नाही. ते टिकते गोंद, शाई आणि ज्यावर चिकटवायचे तो पृष्ठभाग यांवर.

पहिली लेबले साध्या व्हिनाइलची, एका छपाईवाल्याकडून करून घेतलेली. दुसऱ्या मे महिन्यापर्यंत त्यांचा लाल रंग उडून फिकट गुलाबी झाला, कडा सुटल्या आणि उघड्या पडलेल्या गोंदावर कापसाची भुकटी बसली. ड्राइव्हच्या (मोटारचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणाच्या) पॅनेलवर ‘मेन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबा’ असे लिहिले होते. दार उघडताना जिथे अंगठा टेकतो नेमका तिथला ‘दहा’ पुसला गेला. मेन बंद केल्यानंतरही ड्राइव्हमधल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज काही काळ शिल्लक राहते, हे नव्या हेल्परला ठाऊक नव्हते. त्याचा हात टर्मिनलकडे जाताना मी मनगट धरले म्हणून अनर्थ टळला. ती लेबले मी त्याच दिवशी काढून टाकली.

त्यानंतर पुण्याहून मागवलेली पॉलिस्टरची लेबले, रेझिन रिबनने (उष्णतेने छापणाऱ्या टिकाऊ शाईच्या फितीने) छापलेली आणि वर पारदर्शक थर असलेली, मला मनापासून पसंत पडली. पॅनेलच्या मानकांत असते तशी चाचणी मी स्वतः केली: पाण्यात भिजवलेल्या फडक्याने 15 सेकंद आणि पेट्रोलियम स्पिरिटच्या फडक्याने 15 सेकंद घासूनही एक अक्षर हलले नाही. मात्र पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पॅनेल तापण्याआधी सकाळीच लेबल दाबून बसवावे आणि गोंद पक्का धरेपर्यंत निदान एक दिवस त्याला हात लावू नये. खरखरीत पावडर कोटिंग असेल तर जाड थराचा गोंद मागावा, कारण पातळ गोंद फक्त उंचवट्यांनाच चिकटतो.

ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणावर ॲनोडाइज्ड (पृष्ठभागावर संरक्षक ऑक्साइडचा थर दिलेल्या) ॲल्युमिनियमच्या पाट्या रिव्हेट मारून लावल्या. त्या उन्हातही जशाच्या तशा आहेत. डाईंग खात्यात मात्र ॲल्युमिनियम नको, कॉस्टिक सोडा ते खातो. तिथे कोरीव अक्षरांची स्टेनलेस स्टीलची पाटी बसवली. पॅनेलच्या पत्र्याला भोक पाडायचेच असेल तर वीज बंद करूनच पाडावे, कारण लोखंडाचा कीस आत पडतो आणि धूळ-पाण्यापासूनचे संरक्षणही कमी होते.

250 व्होल्टच्या वरच्या ठिकाणी कवटी आणि हाडांच्या चिन्हासह हिंदी किंवा इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत धोक्याची सूचना असावी, असा नियम आहे. आमच्याकडे तेलुगू बोलणारे कामगार पुष्कळ असल्याने मी तेलुगूची एक ओळ आपणहून वाढवली. छपाईआधी नमुना अवश्य मागवा: आमच्या पहिल्या नमुन्यात ‘विद्युत’मधला ‘द्यु’ तुटून आला होता, आणि तेलुगूची ओळ मागावरच्या एका कारागिराकडून वाचून घेतली तेव्हा तीतही एक चूक सापडली.