मिनिटाला 3 लिटरचा एरेटर: बेसिनला लावा, बादलीच्या नळाला नको

एरेटर म्हणजे तोटीच्या तोंडाशी फिरवून बसवायचा, धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारा अंगठ्याएवढा तुकडा. ठाण्यात सॅनिटरीच्या कुठल्याही दुकानात मिळतो, पण नुसतं "फोम फ्लो द्या" म्हटलं की बहुतेकदा 8-10 लिटरवालाच हातात पडतो. त्याची धार छान फेसाळ दिसते, पाणी मात्र फारसं वाचत नाही. पाकिटावर किंवा कडेला मिनिटाला किती लिटर ते छापलेलं असेल तरच घ्या.

आधी सध्याचा नळ मोजा. एक लिटरचं माप धरायचं, नळ पूर्ण सोडायचा आणि मोबाइलवर सेकंद बघायचे. 6 सेकंदांत भरलं तर मिनिटाला 10 लिटर. नवा तुकडा बसवल्यावर त्याच मापाला 20 सेकंद लागले पाहिजेत. चौघांच्या घरात बेसिनचा नळ दिवसाला 16 मिनिटं चालतो असं धरलं, तर 160 लिटरांचे 48 होतात. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत ही बचत 11 हजार लिटरांच्या वर जाते, म्हणजे एका दहा हजारी टँकरपेक्षा जास्त. अर्थात नळ पूर्ण कोण सोडतं! निम्मी बचत धरली तरी सौदा वाईट नाही.

खरेदी फसते ती आट्यांवर. तोटीला आतून आटे असतील तर बाहेरून आटे असलेला 24 मिमीचा एरेटर लागतो, आणि तोटीला बाहेरून आटे असतील तर आतून आट्यांचा 22 मिमीचा. जुना तुकडा काढून खिशात घालून न्यावा, हे सगळ्यात सोपं. मोरीतल्या जुन्या पितळी नळाला आटेच नसतात, तिथे हा विषय संपला. बॉडी पितळेची घ्या. प्लास्टिकवर नुसता क्रोमचा मुलामा असेल तर एकदा तिरका बसला की आटे गेलेच. आधी हातानेच फिरवायचा, शेवटचा पाव फेरा फडकं गुंडाळून पान्याने. टेफलॉन टेप नको. गळती रबरी वॉशर थांबवतो, आणि टेपचे धागे आतल्या जाळीत जाऊन बसतात.

आता दाबाचं. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. सात मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीचा तळमजल्यावर दोन बारच्या वर दाब मिळतो. तिथे हा एरेटर उत्तम चालतो आणि पाणीही तिथेच जास्त वाया जात असतं. टाकीखालच्या सातव्या मजल्यावर जेमतेम 3-4 मीटर उंची मिळते. तिथे धार करंगळीएवढी होते आणि घरातले लोक आठवड्याभरात तो काढून ठेवतात. अशा मजल्यांना 6 लिटरचा द्या. सगळ्या सोसायटीसाठी एकाच मापाची घाऊक ऑर्डर देणं ही कमिटीची नेहमीची चूक.

बादलीच्या नळाला लावण्यात अर्थ नाही. 20 लिटरची बादली भरायला पावणेसात मिनिटं लागतील आणि पाणी लागेल तेवढंच. स्वयंपाकघरात 6 लिटरचा ठीक. गॅस गिझरवरच्या नळाला 3 लिटरचा टाळा, कारण गिझर पेटायला ठरावीक प्रवाह लागतो. प्रवाह त्याच्या काठावर आला की चूळ भरता भरता पाणी गार.

शटडाऊननंतर गढूळ पाणी आलं किंवा टाकी धुतली की जाळीत गाळ अडकतो. बोअरचं पाणी असेल तर वर क्षारांचा पांढरा थर. महिन्या-दीड महिन्याने काढून अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा. रात्रभर ठेवू नका, मुलामा उडतो. सुटे भाग काढाल त्या क्रमाने ओट्यावर मांडून ठेवा: वॉशर, जाळी, बारीक भोकांची चकती. पाणी अडवते ती ही चकती. "धार कमी येते" अशी तक्रार केली की काही प्लंबर नेमकी तीच काढून टाकतात. धार सुधारते, ग्राहक खूश, आणि एरेटर नुसता दागिना उरतो. काम झाल्यावर पुन्हा 20 सेकंदांची चाचणी घ्या.

"तलाव वाचवा" असं पाकिटावर लिहिलेलं असलं तर तेवढं सोडून द्या. ठाण्याच्या नळाला भातसा आणि उल्हास नद्यांचं पाणी येतं, शहरातल्या मासुंदा किंवा उपवन तलावाचं नाही. नवी मुंबईला मोरबे धरणाचं. एरेटरने तलावाची पातळी वाढत नाही. संबंध आहे तो दुसऱ्या टोकाला. घरात येणाऱ्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, बेसिनचं तर जवळजवळ सगळंच. मलवाहिनीत जितकं कमी जाईल तितकी चेंबर तुंबून ते नाल्यात आणि तिथून तलावात उतरण्याची भीती कमी. पण सोसायटीचा सांडपाण्याचा पाइप चुकून पावसाळी गटाराला जोडलेला असेल, तर आधी प्लंबरकडून तो शोधून घ्या. पावसाळी गटाराच्या चेंबरचं झाकण उघडून संडासात रंगीत पाणी सोडलं की पाच मिनिटांत कळतं.

पाचापैकी चार गुण. एक कापला तो आट्यांचं माप पाकिटावर ठळक न छापल्याबद्दल.