ओमाहाचं सराव अ‍ॅप, काही महिन्यांनंतर: एक्के आले की याला दुसरं काही दिसत नाही

वर्षाची वर्गणी न विचारता पुन्हा कापली गेली, म्हणून आज लिहितोय. अ‍ॅपचं नाव घेत नाही, वापरणारे ओळखतील. ओमाहा म्हणजे पोकरचा चार पानांचा प्रकार: हातातली दोनच पानं टेबलावरच्या तिनांशी जुळवायची. चार पानं आणि टेबलावरची जागा दाखवतं, आपण फोल्ड (सोडणं), कॉल (बरोबरी करणं) की रेज (वाढवणं) ते सांगायचं, लगेच हिरवं किंवा लाल उमटतं. चार पानांचे २,७०,७२५ हात होतात. पाठ करणं कुणाच्या बापाला जमायचं नाही, त्यामुळे असं काहीतरी लागतंच. दिसायला छान, बॅटरी बेताचीच खातं. पुढे.

माझं भांडण एका आकड्याशी आहे: १००. फुकटच्या आणि साध्या प्लॅनमध्ये स्टॅक (आपल्यापुढची चिप्सची रास) कायम १०० बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधीच्या सक्तीच्या मोठ्या पैजेच्या शंभर पट) धरलेला. बदलायची पट्टी वरच्या प्लॅनमध्ये, कुलूप लावून. बाकी काहीही कुलुपात ठेवा हो, पण हे?

हिशेब करून बघा. पहिला पूर्ण पॉट रेज (कॉल धरून पॉटमध्ये, म्हणजे मधल्या जमलेल्या रकमेत, जेवढं होतं तेवढीच वाढ) साडेतीन ब्लाइंडचा. बटणावरून (पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवरून) कुणी पुन्हा पॉट मारला की १२. हातात दोन एक्के, म्हणून आपण परत पॉट मारला की साडेसदतीस. समोरच्याने कॉल केला तर पॉटमध्ये साडेशहात्तर आणि आपल्यामागे साडेबासष्ट. म्हणजे उरलेलं पॉटपेक्षा कमी. फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत) काहीही येवो, सगळं ढकलून मोकळं व्हायचं. अ‍ॅप इथे हिरवं दाखवतं आणि ते बरोबरच आहे.

आता तोच हात २०० ब्लाइंडवर. मागे एकशे साडेबासष्ट, पॉटच्या दुपटीहून जास्त, आणि आपल्याकडे एक्के आहेत हे टेबलावरच्या खुर्चीलाही कळलेलं. सोबत किलवरची सत्ती आणि चौकटची दुर्री, एक्के इस्पिक-बदामचे, म्हणजे कशाचा कशाला मेळ नाही. फ्लॉपवर तिसरा एक्का यायची शक्यता जेमतेम १२ टक्के. नव्वी-अठ्ठी पडली आणि समोर गुलाम-दश्शी-सत्ती-छक्की असेल तर सुरुवातीला वीस पानं त्याचा स्ट्रेट (ओळीतली पाच पानं) पुरा करतात, त्यातलं एक आपल्याच हातात. होल्डेममध्ये (दोन पानांच्या पोकरमध्ये) राजांसमोर एक्के सुमारे ८२ टक्के जिंकतात. इथे असे कोरडे एक्के चांगल्या डबल-सूटेड (दोन-दोन पानं एकेका रंगाची) ओळीसमोर जवळपास निम्म्यावर येतात. शिवाय टेबलावरच्या पुढच्या दोन पानांवरचे डाव आंधळेपणाने खेळायचे. अशा वेळी पुष्कळदा नुसता कॉल करून एक्के लपवलेले परवडतात. अ‍ॅपला हे कळतच नाही असं नाही. पट्टीचे पैसे भरा, मग सांगतो, असा मामला आहे. मदतकेंद्राला लिहिलं तर उत्तर आलं की ही सुविधा ‘प्रगत खेळाडूंसाठी’ आहे. १०० पेक्षा जास्त चिप्स समोर असणं यात प्रगत काय?

इथवर एकच तारा देणार होतो. पण मध्यंतरी एक अपडेट आला आणि त्यात ‘एक पान बदला’ असं बटण दिसलं, साध्या प्लॅनमध्येसुद्धा. हे मात्र सोनं आहे. तेच दोन एक्के ठेवा, सत्ती काढून इस्पिकचा गुलाम घाला, दुर्रीच्या जागी बदामची दश्शी. जिंकायची टक्केवारी डोळ्यांदेखत चढते. दोन्ही रंगांत सर्वांत मोठा फ्लश (एका रंगाची पाच पानं) आपला, वर स्ट्रेटची सोय. तिसरा एक्का घालून बघा, घसरते: वापरायची दोनच, तिसरा फुकट अडकलेला, आणि बाहेर एकच एक्का शिल्लक. डबल-सूटेड हात साडेतेरा टक्के वेळाच येतात, तरी मी पूर्वी रंगाकडे नंतर बघायचो, आता आधी बघतो. गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठीसारख्या ओळीत नव्वीऐवजी तिर्री टाकली की हात कसा लंगडा होतो, तेही खेळून बघा. तासन्‌तास जातात.

त्यामुळे तारे तीन. वरचा प्लॅन मी घेणार नाही. स्टॅकचा हिशेब चार बेरजांचा आहे, कागदावर होतो. आणि नूतनीकरण बंद करायचं असेल तर अ‍ॅपमध्ये शोधत बसू नका, तिथे ते बटणच नाही. ज्या स्टोअरवरून घेतलंत, त्याच्या सदस्यत्वांच्या यादीत जाऊन बंद करा. तारीख उलटायच्या आधी.