ई-कोर्ट्सचं अ‍ॅप: गार्ड भरती करणाऱ्या बाईचा अभिप्राय

हडपसरला आमची सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगची छोटी एजन्सी आहे. गिऱ्हाइकं म्हणजे सोसायट्या, थोडी गोदामं आणि एक मंगल कार्यालय. नवा गार्ड गेटवर उभा राहिला की तासाभरात सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो, "मॅडम, व्हेरिफिकेशन झालंय ना?" झालंय म्हणायला माझ्या हातात काहीतरी असावं लागतं. सरकारी ई-कोर्ट्स अ‍ॅप आणि त्याची वेबसाइट मी त्यासाठी रोज वापरते. वकील मंडळी तारखा बघायला वापरतात. माझा उपयोग वेगळा असल्याने अभिप्रायही थोडा वेगळा आहे.

आधी कायदा, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आमच्या धंद्याला २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा लागतो, बोलताना सगळे पसारा म्हणतात. त्यात स्पष्ट लिहिलंय की गार्डचं चारित्र्य आणि पूर्वेतिहास याची एजन्सीने खात्री करून घ्यायची, आणि कोर्टाने दोषी ठरवलेला माणूस गार्ड किंवा सुपरवायझर म्हणून ठेवायचा नाही. 'दोषी ठरवलेला' हे महत्त्वाचं. नुसता गुन्हा दाखल झालेला नव्हे, केस चालू असलेला नव्हे, सुटलेला तर नव्हेच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मात्र हे चारही एकाच रांगेत बसवतात.

अ‍ॅपची चांगली बाजू मोठी आहे. फुकट आहे, मराठीत चालतं, आणि जिल्हा-तालुका पातळीवरच्या कोर्टातली केस खुर्चीत बसून दिसते. पूर्वी यासाठी शिवाजीनगरला जाऊन एखाद्या वकिलाच्या ओळखीच्या कारकुनाला गाठावं लागे. सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, हातात असेल तर काम पाच मिनिटांचं. सोळा अक्षर-आकड्यांचा हा नंबर, सुरुवातीला एमएचपीयू असलं की समजायचं पुणे जिल्हा. नंबर टाकला की केस उघडते: कुठलं कोर्ट, कुठलं पोलीस स्टेशन, एफआयआर क्रमांक, कलमं, आजवरच्या सगळ्या तारखा आणि निकाल लागला असेल तर त्याची पीडीएफ.

खरी कसोटी नावावरून शोधताना लागते. मुलाखतीला आलेला मुलगा स्वतःहून सीएनआर सांगत नाही. मग पक्षकाराचं नाव टाका, वर्ष टाका, प्रलंबित की निकाली ते निवडा आणि कॅप्चा वाचा. माझ्याकडे येणाऱ्यांत नाव संतोष आणि आडनाव शिंदे, पवार, जाधव यांपैकी एक, असे कितीतरी. यादी येते ती लांबलचक, आणि त्यात वय नाही, वडिलांचं नाव असेलच असं नाही, फोटोचा प्रश्नच नाही. शिवाय इंग्रजीत ज्ञानेश्वर कुणी डी-एन-वाय करून लिहिलाय, कुणी जी-वाय करून. दोन्ही स्पेलिंगं टाकून बघायची आणि पहिल्याने काही आलं नाही म्हणून खूश व्हायचं नाही.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. ही शोधाशोध एका कोर्ट-संकुलापुरती असते. शिवाजीनगर निवडलंत तर खेडचं दिसणार नाही. वडगाव मावळ, जुन्नर, घोडेगाव, शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, सासवड, भोर, सगळं वेगवेगळं बघायचं. शहरातसुद्धा लष्कर, खडकी आणि पिंपरीची कोर्टं आहेत. बरं, माझी निम्मी पोरं लातूर, बीड, परभणीकडची. राहायला पुण्यात, भांडण झालेलं गावाकडे. त्यामुळे मी आधी विचारते, "बाबा, तुझा तालुका कोणता?" मग त्या जिल्ह्यात शिरते. 'पुण्यात काही सापडलं नाही' याचा अर्थ तेवढाच, पुण्यात सापडलं नाही.

आता मुद्द्याचं. नाव जुळलं तर पुढे काय करायचं? मागे आम्ही एका खासगी पडताळणी कंपनीकडे काम दिलं होतं. त्यांचा रिपोर्ट छान रंगीत यायचा. आमच्या एका गार्डच्या नावापुढे लाल पट्टी आली: फौजदारी प्रकरण आढळले, खेड न्यायालय. गार्ड समोर उभा, चेहरा उतरलेला, "मॅडम, मी खेडला आयुष्यात गेलो नाही." मी केस उघडली. एससीसी, म्हणजे समरी क्रिमिनल केस, आणि कलम १३८, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा. थोडक्यात, चेक न वटल्याची केस. खाली निकालाची पीडीएफ होती. तिच्या पहिल्याच पानावर आरोपीच्या नावाखाली ओळ असते: वय, धंदा, राहणार. वय आमच्या गार्डपेक्षा वीस वर्षांनी जास्त, धंदा व्यापार, राहणार चाकण. आमचा पोरगा बाविशीचा, चेकबुक त्याने पाहिलेलंही नसावं. लाल पट्टी लावणाऱ्याने पीडीएफ उघडायचे कष्ट घेतले नव्हते. नाव जुळलं, पट्टी लावली, बिल पाठवलं.

म्हणून माझा पहिला सल्ला: यादीवर थांबू नका, निकाल किंवा आदेश उघडा आणि ती ओळ वाचा. अ‍ॅप खटल्यांची सूची देतं, माणसांची नाही. तेवढं डोक्यात ठेवून वापरलं तर ते उत्तम आहे.

दुसरी वाचायची ओळ म्हणजे निकालाचं स्वरूप. 'केस डिस्पोज्ड' एवढंच वाचून लोक एकतर घाबरतात नाहीतर निर्धास्त होतात, आणि दोन्ही चूक. त्याच्या शेजारी लिहिलेलं असतं की निर्दोष सुटला, शिक्षा झाली, तडजोड झाली की गुन्हा कबूल केला. शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा. दारू पिऊन चौकात आरडाओरडा केला, पोलिसांनी महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११० आणि ११७ लावलं. तारखांना कोण जाणार, रोजंदारी बुडते, म्हणून पोराने कोर्टात गुन्हा कबूल केला, किरकोळ दंड भरला आणि तो गावभर सांगत सुटला की विषय मिटला. कागदावर मात्र ती शिक्षाच झाली. दंडाची रक्कम विसरून जाण्याइतकी, पण पसारा कायद्याची अट बघितली तर गार्डची नोकरी अडचणीत. असे मुलगे मी हाउसकीपिंगकडे वळवते. तिथे ती अट नाही, आणि चौकात ओरडलेला माणूस लादी वाईट पुसतो असं मला तरी आढळलेलं नाही.

कोरोनातली भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ ची (सरकारी आदेश मोडल्याची) प्रकरणंही अधूनमधून समोर येतात. लॉकडाउनमध्ये दूध आणायला, फिरायला बाहेर पडलेल्यांवर लावलेलं ते कलम. सरकारने नंतर असे गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं, त्यामुळे तसलं काही दिसलं तर मी फार खोलात जात नाही.

अ‍ॅपच्या जोडीला पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र लागतंच. अर्ज ऑनलाइन होतो. घोळ पत्त्याचा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशी तीन वेगळी पोलीस घटकं आहेत. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं आणि चाकण तेव्हा ग्रामीणमधून तिकडे गेलं. त्याआधीची जुनी प्रकरणं सांगताना पोरं 'ग्रामीणला केस होती' म्हणतात आणि अर्ज पिंपरीच्या नावाने भरावा लागतो. भरताना आजचा पत्ता बघायचा, जुनी आठवण नाही. परदेशी जाणाऱ्यांचं पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, वेगळं, ते पासपोर्ट कार्यालयाकडून पाचशे रुपये भरून मिळतं. दोन्हींची गल्लत करू नका.

आरोपपत्रापर्यंत न गेलेलं प्रकरण अ‍ॅपवर खटला म्हणून सापडेलच असं नाही, हेही सांगून ठेवते. पोलिसांनी तपास करून कोर्टाला समरी रिपोर्ट, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, दिला तर 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'ब' म्हणजे खोटी तक्रार, 'क' म्हणजे खरं-खोटं ठरत नाही किंवा गैरसमजातून झालेलं. एखादा मुलगा 'माझं ब समरी झालंय' म्हणाला तर त्याला सही-शिक्क्याचा कागद आणायला सांगते. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज केला की प्रमाणित प्रत मिळते. सुटलेल्या प्रत्येकाने ती काढून लॅमिनेट करायच्या आधी दोन झेरॉक्स मारून ठेवाव्यात.

एवढं सगळं शोधणं सोपं झालं, पण झाकायचं काय? इथे मी अ‍ॅपला दोष देत नाही, कारण ती सोय आपल्या कायद्यातच तोकडी आहे. अठराच्या आत घडलेलं असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ आहे. शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. सोळा वर्षांवरचा आणि अत्यंत गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेला, तेवढा अपवाद. प्रौढाला १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली सोडलं असेल तर त्या शिक्षेची अपात्रता त्याला चिकटत नाही. खोट्या किंवा मिटलेल्या प्रकरणात गुन्हाच रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालय, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८. त्यासाठी पुणेकराने मुंबईची गाडी पकडायची. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, पण आपला जिल्हा त्यात नाही. आम्ही खंडपीठाची मागणी करत राहू आणि एक्स्प्रेसवेचा टोल भरत राहू.

निर्दोष सुटलेल्याचं नाव इंटरनेटवरून काढायचं, तर त्याला सरळ रस्ता नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत दिलासा दिला. मद्रास उच्च न्यायालयाने एका निकालाची प्रत वेबसाइटवरून हटवायला सांगितली होती, त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्थगिती दिली. माझ्या गार्डला यातलं काहीच परवडणारं नाही.

माझी भाची अटलांटाजवळ ग्विनेट काउंटीत राहते, एका कंपनीत एचआर बघते. फोनवर तिला हे सगळं सांगत होते तर म्हणाली, "आत्या, इकडेपण काउंटीकाउंटीने शोधावं लागतं, फक्त झाकायची सोय आहे." जॉर्जियात १५९ काउंट्या. तिथे १ जुलै २०१३ पासून रेकॉर्ड 'रिस्ट्रिक्ट' करायचा कायदा आहे. त्या तारखेनंतरची अटक असेल आणि आरोप मागे घेतले गेले, तर निकालाच्या वेळीच नोंद बंद होते. त्याआधीची असेल तर ज्यांनी अटक केली त्या पोलिसांकडे अर्ज करायचा आणि सरकारी वकिलाची मान्यता लागते. २०२१ पासून किरकोळ गुन्ह्यांतली शिक्षासुद्धा, आयुष्यात जास्तीत जास्त दोन, शिक्षा पूर्ण होऊन चार वर्षं सरळ वागल्यावर कोर्टाकडे अर्ज करून बंद करता येते. सगळेच गुन्हे त्यात बसत नाहीत. पुसलं काहीच जात नाही, पोलीस आणि कोर्टाला दिसतं, खासगी मालकाला दिसत नाही. पण राज्याची नोंद बंद झाली तरी काउंटीच्या कोर्ट-क्लार्ककडची फाइल उघडीच राहते, ती सील करायला तिथल्या कोर्टात वेगळा अर्ज. लोक पहिलं करतात, दुसरं विसरतात, आणि एखादी पडताळणी कंपनी नेमकं तेच उकरून आणते. कंपन्या सगळीकडे सारख्याच दिसतात.

तर अ‍ॅपला पाचपैकी चार. एक कापला तो नावाच्या शोधात वय किंवा पूर्ण पत्ता टाकायची सोय नाही म्हणून. लैंगिक गुन्ह्यांसारख्या प्रकरणांत नावं झाकलेली असतात, ते मला योग्यच वाटतं, त्याचे गुण कापत नाही. ज्यांना एका माणसाबद्दल दोन मिनिटांत हो-नाही हवंय त्यांनी हे अ‍ॅप उघडूच नये. ज्यांना पीडीएफ वाचायची तयारी आहे त्यांनी जरूर उघडावं, आणि तेही उमेदवाराला शेजारी बसवून. मी तसंच करते. तो म्हणतो "हा मी नाही", किंवा गप्प होतो आणि मग स्वतःच काय झालं ते सांगायला लागतो. दोन्हींत वेळ वाचतो.

त्या रंगीत रिपोर्टवाल्या कंपनीचं काम मी बंद केलं. तो गार्ड मगरपट्ट्याजवळच्या एका सोसायटीत आता नाइट सुपरवायझर आहे, आणि तिथले सेक्रेटरी मला सांगतात की त्याला दुसरीकडे हलवू नका.